गचके कोणत्या विमानात कमी बसतील?

वाचकांचे पत्र: मी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यापासून क्लबचे सेसना १७२ भाड्याने घेऊन उडवतो. जुलैमध्ये पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन सॅन अँटोनियोला गेलो होतो. जाताना सकाळची वेळ होती, सगळे मजेत होते. परतताना दुपारी तीनच्या सुमारास, साडेपाच हजार फुटांवर विमानाला असे काही गचके बसू लागले की मुलगी प्रत्येक गचक्याला किंचाळत होती. मागच्या सीटवर तिच्याजवळ बसलेली पत्नी शेवटचा तासभर पिशवी तोंडाशी धरून होती. आता दोघींनीही पुन्हा बसणार नाही असे जाहीर केले आहे. दोन मित्रांबरोबर भागीदारीत विमान घ्यावे असा विचार चालू आहे. बीचक्राफ्ट बोनान्झा ए ३६, जुने व्ही-टेल (इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या शेपटाचे) बोनान्झा, मूनी एम २० जे आणि सिरस एसआर २२ ही आमची यादी आहे. एक मित्र म्हणतो, पंख खाली असलेले विमान कमी हलते. दुसरा म्हणतो, जड विमान घ्या. घरच्यांना त्रास होणार नाही असे यांतले कोणते?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या यादीतील एकही विमान टेक्सासच्या जुलैमध्ये दुपारी तीन वाजता साडेपाच हजार फुटांवरून आपल्या कुटुंबाला सुखाने नेणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्यातल्या त्यात ए ३६ आणि एसआर २२ ही दोन विमाने आपल्या कामाची आहेत. मात्र लोक ती ज्या वेगासाठी घेतात तो वेग खराब हवेत सोडून देण्याची आपली तयारी हवी. मूनी हे कमी इंधनात लांब नेणारे उत्तम विमान असले तरी आपल्या अडचणीवरचा तो उपाय नव्हे. व्ही-टेलविषयी पुढे सविस्तर लिहितो.

आपल्या पत्रात खरे तर दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र केल्यामुळे विमानाची निवड अवघड वाटते आहे. मुलगी घाबरली ती गचक्यांना, म्हणजे सीट एकदम खाली जाणे, पट्टा मांडीत रुतणे, डोके छताकडे जाणे याला. पत्नीला मात्र मळमळले ते बहुधा हेलकाव्यांनी. शरीराला ओकारी आणणारी हालचाल ही संथ असते. साधारण पाच सेकंदांना एक या गतीने होणारे वर-खाली हेलकावे माणसाला सर्वांत जास्त लागतात, असे या विषयावरील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. सेकंदाला एक-दोन बसणारे गचके भीतीदायक असतात, थकवतात, पण पोट ढवळण्याचे काम विमानाचे शेपूट डावी-उजवीकडे हलत राहणे, पंख एकदा इकडे एकदा तिकडे झुकणे आणि वर-खाली होत जाणे यांचेच अधिक असते. त्यात उकाडा, इंधनाचा वास आणि मागच्या सीटवरून क्षितिज धड न दिसणे यांची भर पडली की एरवी ज्याला बोटही लागत नाही असा माणूस आडवा होतो.

आता गचक्यांचे गणित पाहू. वर चढणाऱ्या हवेच्या झोतात विमान शिरले की पंखावर हवा किंचित खालून येऊ लागते, उचल एकदम वाढते आणि तो वाढीव जोर विमानाला वर ढकलतो. हा धक्का किती बसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे विंग लोडिंग, अर्थात विमानाचे वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ. हे जितके जास्त तितका धक्का कमी. दुसरी म्हणजे वेग, आणि तो जितका जास्त तितका धक्काही त्याच प्रमाणात जास्त. ‘जड विमान घ्या’ म्हणणारे आपले मित्र यातली पहिली गोष्ट अर्धवट सांगतात आणि दुसरी विसरतात. वजन एकटे काहीच सांगत नाही. ते किती पंखावर पसरले आहे हे पाहावे लागते.

पूर्ण वजनाला आपल्या सेसना १७२ एसचे २५५० पौंड १७४ चौरस फूट पंखावर पसरलेले असतात, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४.७ पौंड. मूनी एम २० जे २७४० पौंडांचे, पण पंख जवळजवळ तेवढाच, त्यामुळे १५.७. ए ३६ चे ३६५० पौंड १८१ चौरस फुटांवर, म्हणजे सुमारे २०. अलीकडच्या एसआर २२ चे ३६०० पौंड अवघ्या १४५ चौरस फुटांवर, म्हणजे जवळजवळ २५. इथवर वाचून कोणीही सिरसची पुस्तिका मागवेल. पण आता प्रत्येक विमान नेहमीच्या क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ प्रवास करताना, किती वेगाने जाते ते घ्या आणि त्या आकड्याला विंग लोडिंगने भागा. सेसना १२० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) उडते, भागाकार ८.२ येतो. ए ३६ सुमारे १६५ नॉटला, भागाकार पुन्हा ८.२. मूनी १५५ नॉटला, भागाकार ९.९. एसआर २२ हे १८० नॉटला, भागाकार ७.३. एकाच उंचीवर एकाच झोतात बसणाऱ्या धक्क्याची तुलना या भागाकारावरून बऱ्यापैकी करता येते. त्यावरून दिसते ते असे की, ए ३६ पूर्ण वेगाने उडवले तर कित्येक लाख डॉलर मोजूनही धक्का आपल्या भाड्याच्या सेसनाइतकाच बसेल, मूनीत तो वाढेल आणि सिरसमध्ये थोडा कमी होईल.

सिरसचा तो थोडा फायदाही कागदावर दिसतो तेवढा हाती पडत नाही. त्याचा पंख लांब आणि अरुंद आहे. लांबी-रुंदीचे गुणोत्तर सुमारे १० आहे, तर बोनान्झाचे ६ च्या आसपास. लांब-अरुंद पंख हवेच्या कोनातील छोट्या बदलालाही अधिक उचल देऊन प्रतिसाद देतो, सिद्धांताप्रमाणे या दोघांत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात सिरसची आघाडी जवळजवळ संपते. डायमंड डीए ४० या छोट्या विमानात बसलेल्यांना ते आकड्यांपेक्षा जास्त उसळते असे वाटते, त्याचे कारणही त्या ग्लायडरसारख्या लांब पंखात आहे. शिवाय वेगवान विमान त्याच झोतांमधून लवकर लवकर जात असल्यामुळे गचके जवळजवळ आणि तीक्ष्ण येतात. एसआर २२ ची हवेतली चाल कडक लागते असे ते उडवणारे सांगतात, त्यात तथ्य आहे.

मग वेगवान विमानाला पैसे का द्यायचे? कारण वेग कमी करायला हाताशी वेग असावा लागतो. सॅन अँटोनियोहून आपले अंतर २२० नॉटिकल मैल धरू. सेसना १२० नॉटला एक तास पन्नास मिनिटे घेते. खराब हवेत ते ९५ नॉटला आणले तर भागाकार ६.५ वर येतो, धक्के पाचव्या हिश्शाने कमी होतात, पण प्रवास दोन तास वीस मिनिटांचा होतो आणि मळमळणाऱ्या माणसाला तो जादाचा अर्धा तास नकोसा होतो. ए ३६ हे १६५ ऐवजी १४० नॉटला आणा, भागाकार ६.९ होतो आणि तरीही आपण दीड तासाच्या आसपास घरी असता. एसआर २२ ला १४० वर आणले तर भागाकार ५.६, म्हणजे सेसनाच्या नेहमीच्या धक्क्याच्या दोन तृतीयांश. ही सवलत घेणारे मालक मला फारसे भेटत नाहीत. १८० नॉटचे विमान घेतलेल्या माणसाला १४० वर थ्रॉटल आणणे जिवावर येते, आणि वेळेवर पोहोचायची घाई असलेला वैमानिक मागच्या सीटवर काय चालले आहे हे पाहत नाही. आपण मागे पाहणारे आहात असे पत्रावरून वाटते, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

वर दिलेले सगळे आकडे पूर्ण वजनाचे आहेत हेही लक्षात असू द्या. तिघे जण आणि अर्धे इंधन घेऊन निघालेले ए ३६ सुमारे ३००० पौंडांचे असते, तेव्हा त्याचे विंग लोडिंग साडेसोळाच्या घरात येते. सहा सीटचे विमान तिघांसाठी घेतले तर ते बहुतेक वेळा हलकेच उडणार आणि म्हणून जास्त हलणार, याचा हिशेब भागीदारी ठरवताना करावा.

वेग कमी करण्यामागे आरामाखेरीज दुसरे कारण आहे ते विमानाच्या मजबुतीचे. ज्या वेगाच्या खाली जोराचा धक्का बसला तरी सांगाड्यावर मर्यादेबाहेर भार येण्यापूर्वी पंखच उचल सोडतो, त्याला मनूव्हरिंग वेग म्हणतात. १७२ एसचा हा वेग २५५० पौंडांना १०५ नॉट, २२०० पौंडांना ९८ आणि १९०० पौंडांना ९० नॉट आहे. हा वेग वेगमापकाच्या तबकडीवर रंगवलेला नसतो, तो समोरच्या फलकावर बारीक अक्षरांत असतो, त्यामुळे नेहमीच्या वापराचा वेग दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यात काटा आहे म्हणून सगळे ठीक आहे असा समज होतो. हिरवा पट्टा १२९ नॉटपर्यंत जातो. दुपारच्या हवेत काटा ११५ ते १२५ च्या मध्ये थरथरत असेल तर आपण हिरव्यात असलात तरी या वेगाच्या बरेच वर आहात. विमान हलके तेवढा हा वेगही कमी, ही गोष्ट नव्या वैमानिकांना उलटी वाटते. हलक्या विमानाला तोच झोत जास्त जोराने उडवतो, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. मात्र या वेगाच्या खाली आहोत म्हणून नियंत्रणे कशीही हाणावीत असा त्याचा अर्थ नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ५८७ चे उभे शेपूट तुटले ते याच मर्यादेच्या आत असताना, रडर (शेपटाची डावी-उजवीकडे वळणारी फळी) एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला असे वारंवार पूर्ण दाबल्यामुळे. गचके बसू लागले की पंख साधारण आडवे आणि नाक साधारण जागेवर ठेवावे, उंची शंभर-दोनशे फूट खाली-वर झाली तर होऊ द्यावी. हवा फारच बिघडली तर ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची कळ सोडून द्यावी, कारण तो बिचारा उंचीच्या मागे लागून नाक वर-खाली करत राहतो आणि मागच्यांचे हाल दुप्पट करतो.

आता शेपटाविषयी, म्हणजे आपल्या पत्नीच्या तक्रारीविषयी. व्ही-टेल बोनान्झा १९४७ पासून १९८२ पर्यंत बनत होते. दिसायला अतिशय देखणे, वेगाला चोख, पण खराब हवेत त्याचे शेपूट डावी-उजवीकडे वळवळते, आणि पुढे बसलेल्या वैमानिकाला जे जेमतेम जाणवते ते मागच्या सीटवर कितीतरी अधिक जाणवते, कारण विमान गुरुत्वमध्याभोवती वळते आणि मागची माणसे त्यापासून दूर बसलेली असतात. ही वळवळ काही सेकंदांच्या संथ लयीची असते, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या लयीच्या जवळची. सरळ शेपटाच्या ए ३६ मध्येही ती आहे, परंतु कमी. त्यावरचा उपाय यॉ डॅम्पर हा आहे. शेपूट वळू लागताच तो रडर हलवून ते थोपवतो, आणि तो चालू असलेले व बंद असलेले बोनान्झा ही मागच्या प्रवाशाला दोन वेगळी विमाने वाटतात. यॉ डॅम्पर नसलेल्या विमानात उजव्या आणि डाव्या पेडलवर दोन्ही पाय हलकेच टेकवून ठेवले तरी वळवळ बरीच मंदावते. मागच्या सीटवर आपली माणसे बसणार असतील तर यॉ डॅम्पर नसलेले व्ही-टेल मी घेऊ देणार नाही.

पंख वर की खाली, या वादाला फार वेळ देऊ नये. वर पंख असलेले विमान खाली लटकत्या वजनामुळे स्थिर राहते ही समजूत जितकी चूक, तितकीच खाली पंख असलेले विमान हवेवर घट्ट बसते ही समजूतही चूक. आपल्या मित्राने सेसना आणि बोनान्झा यांत बसून फरक अनुभवला असेल, पण तो फरक विंग लोडिंगचा होता. पंखाच्या जागेचा एकच खरा परिणाम प्रवाशाला जाणवतो, आणि तो असा की वर पंख असला की उन्हाळ्यात डोक्यावर सावली मिळते.

त्यावरून आठवले, वातानुकूलन. टेक्सासमध्ये विमान घेताना ए ३६ किंवा एसआर २२ मध्ये एअर कंडिशनर बसवलेला असेल तर त्याला मी विंग लोडिंगच्या चार-पाच पौंडांपेक्षा जास्त किंमत देईन. तापलेल्या धावपट्टीवर वीस मिनिटे रांगेत उभे राहून घामाने चिंब झालेला प्रवासी पहिल्या गचक्यालाच खचतो. अख्खे विमान खाली उतरवणाऱ्या सिरसच्या पॅराशूटवर भाळून काही जण ते विमान घेतात. आणीबाणीत ते लाखमोलाचे आहे, परंतु गचक्यांशी त्याचा काही संबंध नाही.

आता मुख्य उपायाकडे वळतो, आणि त्याला विमान बदलावे लागत नाही. उन्हाने जमीन तापली की हवेचे गरम झोत वर चढतात आणि दुपारपर्यंत जमिनीपासून काही हजार फुटांपर्यंतचा सगळा थर ढवळून निघतो. या थराचा माथा कुठे आहे हे कापसासारखे ढग दाखवतात, आणि ढग जमण्यापूर्वी त्याचा अंदाजही बांधता येतो. जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाच्या प्रत्येक सेल्सिअस अंशाला साधारण ४०० फूट धरावेत. तापमान ३६ आणि दवबिंदू २० असेल तर फरक १६ अंशांचा, म्हणजे ढगांचा तळ जमिनीपासून सुमारे ६४०० फुटांवर. अशा दुपारी साडेपाच हजार फुटांवर उडणे म्हणजे झोतांच्या थराच्या बरोबर आतून जाणे. त्या ढगांच्या वर गेले की हवा बहुधा एकदम शांत होते. १७२ ला तापलेल्या हवेत, तिघांना घेऊन नऊ-साडेनऊ हजार फुटांवर चढताना धाप लागते. ए ३६ किंवा एसआर २२ तिथे सहज पोहोचते, आणि माझ्या मते आरामाच्या दृष्टीने या विमानांचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. टर्बोचार्जर (विरळ हवेतही इंजिनाला पुरेशी हवा दाबून देणारे यंत्र) असलेले विमान आणखी वर जाईल, पण मग ऑक्सिजन आला. अशा विमानाची उंची १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणार असेल तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे वैमानिकाला तो घ्यावाच लागतो, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या नाकात नळी लावून तिला विमानप्रवासाची गोडी लागेल असे मला वाटत नाही.

थराच्या वर जाणे जमत नसेल तर तो तयार होण्यापूर्वी उतरावे. सकाळी सातला निघून दहा-साडेदहाच्या आत चाके टेकलेली असावीत. आपल्याकडेही बारामती-धुळ्याच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये शिकाऊ वैमानिकांना पहाटेची पाळी हवीशी वाटते ती याच कारणाने. परतीला सकाळ नसेल तर सूर्य मावळतीला आल्यावर निघावे, मात्र त्या वेळी वादळी ढग अजून विरले आहेत की नाही हे पाहूनच. गडगडाटी ढगांपासून किमान वीस मैल दूर राहण्याचा नियम कोणत्याही विमानाला सूट देत नाही. हिवाळ्यात थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यानंतर उत्तरेचा जोराचा वारा सुटतो, तेव्हा जमिनीलगतचे दोन-तीन हजार फूट खडबडीत असतात आणि वर हवा नितळ असते, त्यामुळे चढताना दहा मिनिटे सोसावे लागेल एवढे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

टीबीएम किंवा पिलाटस पीसी-१२ अशी टर्बोप्रॉप (जेटसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणारी) विमाने गचके खरोखर कमी जाणवू देतात. त्यांचे विंग लोडिंग ३८ च्या आसपास आहे, परंतु त्यांचा आराम मुख्यतः दाबयुक्त केबिनमुळे पंचवीस हजार फुटांच्या वर, या सगळ्या ढवळणीच्या बाहेर उडता येते यातून येतो. त्यांच्या किमती पाहून आपले दोन्ही मित्र भागीदारी सोडतील, म्हणून तो विषय इथेच ठेवतो.

पुढच्या फेरीत पत्नीला उजवीकडच्या पुढच्या सीटवर बसवा. ती जागा गुरुत्वमध्याजवळ असते आणि समोर क्षितिज दिसते. मुलीला मागे अशी उंच बसवा की खिडकीबाहेर दिसेल, आणि तिच्या हातात टॅब्लेट देऊ नका. कमरेचे पट्टे घट्ट आवळा, कारण सैल पट्ट्यात माणूस सीटवरून उचलला जातो आणि गचका दोनदा बसतो, एकदा वर जाताना आणि एकदा आपटताना. मळमळीवरची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी पुरेसा वेळ आधी द्यावी; आपण स्वतः मात्र ती घेऊ नये, कारण त्या गोळ्यांनी गुंगी येते.

विमान खरेदीची घाई करू नका. आधी हेच सेसना सकाळच्या वेळी नेऊन दोघींचा विश्वास परत मिळवा. त्यानंतर ज्या प्रकारचे विमान मनात आहे ते एखाद्या प्रशिक्षकाबरोबर भाड्याने घ्या. विक्रेते चाचणीचे उड्डाण सकाळी आठला ठेवतात, तेव्हा सगळीच विमाने रेशमासारखी उडतात. आपण दुपारी दोनची वेळ मागा, तीन हजार फुटांवर अर्धा तास राहा, आणि पुढे न बसता सर्वांत मागच्या सीटवर बसा. प्रशिक्षकाला पहिली दहा मिनिटे यॉ डॅम्पर बंद ठेवायला सांगा, पुढची दहा मिनिटे चालू, आणि शेवटची दहा मिनिटे वेग पंचवीस नॉटने कमी करून. पत्नी तयार असेल तर तिलाही शेजारी बसवा. भागीदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तिचे मत विचारा.